पुढचा डावा दांडा

दिनांक ४ जुलै १९८८, सोमवार. रक्कम सहा हजार दोनशे सत्तेचाळीस लिरे आणि पन्नास सेंट.

हाल सरूज गावाच्या फुटबॉल क्लबात बिलियर्डच्या टेबलावर कागद पसरून अध्यक्ष कालचिदोन यांनी हा आकडा मोठ्याने वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. कालचिदोन पेशाने औषधविक्रेते. आकडा दोनदा वाचल्याशिवाय ते खोकल्याची बाटलीसुद्धा हातात देत नसत. बंदरावरच्या पोर्टनोव्हा सिटी या बड्या क्लबाने सरूज स्टार्सच्या झारेन ग्रिश्टीसाठी एवढे पैसे देऊ केले होते.

"वरचे पन्नास सेंट कशाचे?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारले.

"त्यांचे अध्यक्ष सिन्यूर एडगर यांनी फोनवर विचारलं, तुमच्या क्लबावर कर्ज किती? मी वही बघून सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, तेवढे देतो."

"अहो, मग दहा हजार सांगायचे!"

"नसलेलं कर्ज सांगू?" कालचिदोन दुखावले. "छपराचे आहेत, जर्सींचे आहेत, आणि जीझाबाईंच्या बागेत गेलेल्या सव्वीस चेंडूंचे आहेत. एवढंच कर्ज आहे आपल्यावर. त्याला मी काय करू?"

सगळ्यांनी झारेनकडे पाहिले. तो टेबलाच्या कडेला हात टेकून उभा होता. वय बावीस. दिवसा पाणीखात्यात घरोघर मीटर वाचायचा आणि संध्याकाळी सरूज स्टार्सचा पुढच्या फळीतला खेळाडू. पायात फारशी जादू नव्हती. चेंडू पायाशी आला की तो शेजारच्या गावातून आल्यासारखा परत दूर जायचा. पण डोके विलक्षण. कॉर्नरवरून आलेला चेंडू त्या कपाळावर बसला की गोलरक्षकाला तो जाळीतच दिसे. त्या मोसमात अकरा गोल, पैकी नऊ डोक्याने.

"तीन दिवस द्या मला," झारेन म्हणाला.

"तीन दिवस कशाला रे? छप्पर गळतंय आपलं!"

"जुलै महिना आहे. तीन दिवसांत पाऊस पडत नाही," झारेन म्हणाला आणि निघून गेला.

लोकांना वाटले, पोरगा पगाराचा भाव वाढवतोय. झारेनच्या डोक्यात पगार नव्हताच. त्याच्या डोक्यात एक लाकडी दांडा होता.

गावाचा संत सान रोक्कू. चर्चमधल्या त्याच्या मूर्तीने अंगरखा वर उचलून मांडीवरची जखम दाखवलेली आहे आणि पायाशी एक कुत्रा आहे, तोंडात चांदीचा पाव धरलेला. गावातले टवाळ म्हणत, आपल्या संघाचा कायमचा जखमी खेळाडू हाच. दर मोसमाला यादीत त्याचेच नाव आधी लिहा. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी ही मूर्ती आठ खांदेकऱ्यांच्या खांद्यावरून गावभर मिरवते. आठांचे खांदे एका पातळीत हवेत, नाहीतर संत कलंडतो आणि कुत्रा आणखी कलंडतो. म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत दाराच्या चौकटीवर एक खाच आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिथे उभे राहायचे, खांदा खाचेला लावायचा आणि जुळला तरच दांड्याला हात घालायचा.

पुढचा डावा दांडा ग्रिश्टींचा. झारेनच्या आजोबांनी तो उचलला. त्यांच्यानंतर वडील विस्तिन यांनी सत्तावीस वर्षे उचलला. विस्तिन यांच्या डाव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता आणि लहानपणी झारेनला तो रविवारी जेवणानंतर चाचपून बघायला मिळे. गावात प्रत्येक घराला एक टोपणनाव असते. कुणी 'पाववाले', कुणी 'बहिरे', कुणी 'तीन मांजरं'. ग्रिश्टी 'खांदेवाले'. आणि त्याच वर्षी विस्तिन दांडा सोडून मुलाच्या खांद्यावर देणार होते.

दुसऱ्या दिवशी मीटर वाचायच्या निमित्ताने झारेन चर्चमागच्या खोलीत शिरला. चर्चची झाडलोट, घंटा आणि नियम सांभाळणारा पिनू सुरीने शमादानावरचे मेण खरवडत बसला होता.

"पिनू, एक विचारू?"

"मीटर बाहेर आहे."

"मीटरचं नाही. समजा, मी पोर्टनोव्हाकडून खेळलो. तर दांड्याचं काय?"

पिनूने सुरी ठेवली, हात पुसले आणि कपाटातून खांदेकऱ्यांची वही काढली. ती उघडायलासुद्धा त्याला दोन मिनिटे लागली, कारण तो ती उघडायच्या आधी स्वतःच्या छातीवर क्रूस काढत असे. "कलम तीन. परगावचा रंग अंगावर चढवणाऱ्याने खांदा देऊ नये."

"ते बँडवाल्यांसाठी लिहिलंय. त्या वेळी कुणीतरी शेजारच्या गावच्या बँडमध्ये तुतारी वाजवायला गेला होता म्हणून. आजोबा सांगायचे."

"इथे बँड लिहिलंय? तुतारी लिहिलंय?"

"नाही."

"रंग लिहिलंय. पोर्टनोव्हाचा शर्ट कसला?"

"जांभळा."

"जांभळा हा रंग आहे," पिनू म्हणाला आणि वही मिटली.

तीन दिवसांनी झारेनने क्लबात येऊन सांगितले, "मी गाव सोडणार नाही." त्यापलीकडे एक शब्द बोलला नाही. कालचिदोन यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्यांनी बिलियर्डच्या टेबलाच्या हिरव्या कापडावर पडू दिले, आणि तो डाग पुढे बरीच वर्षे लोक पाहुण्यांना दाखवत. रविवारच्या पेपरात छापून आले, 'पैशापेक्षा माती मोठी मानणारा खेळाडू'. झारेनने ते तीनदा वाचले. इतके छान छापून आल्यावर 'मातीसाठी नाही हो, दांड्यासाठी' असे सांगत फिरणे त्याला बरे दिसेना. क्लबाने कर्ज हप्त्यांनी फेडायचे ठरवले आणि छपराखाली बादली ठेवली.

गावात एकाच माणसाने ती बातमी वाचून पेपर चुरगाळला. तो म्हणजे चौकातला खाटीक जामरी शिबेरास.

जामरीचा खांदा खाचेला केसभरही कमीजास्त न होता जुळत असे. पण बाकीचे सात दांडे सात घराण्यांचे, आणि त्या सातही घरांत मुलगे रांगेने उभे. फक्त ग्रिश्टींकडे एकुलता एक झारेन. तो झाला नसता तर दांडा जामरीचाच. प्रतीक्षा यादीत अकरा वर्षे त्याचे नाव पहिले होते, आणि दुसरे नाव नव्हतेच. बहिणीकडून १९७७ साली शिवून घेतलेला खांदेकऱ्याचा पांढरा झगा तो डांबरगोळ्या घालून कपाटात जपत होता.

झारेन आईसाठी मांस घ्यायला गेला तेव्हा जामरी हाडे तोडत होता.

"पोरा, पोर्टनोव्हाला का नाही गेलास?"

"मातीसाठी, जामरीकाका."

"मला नको सांगूस माती. मी पिनूला विचारून आलोय." खाडकन एक हाड तुटले. "अरे, तुझ्या भल्यासाठी सांगतो, जा. मोठं मैदान, मोठा पैसा. इथे काय आहे?"

"आणि दांडा?"

"दांड्याची काळजी तू करू नकोस. ती मी करीन." जामरीने सुरा खाली ठेवला. "अगदी मनापासून करीन."

"ते माहीत आहे मला. अर्धा किलो द्या, आणि चरबी कमी."

त्या ऑगस्टात झारेन पहिल्यांदा दांड्याखाली गेला. विस्तिन मिरवणुकीच्या बाजूने मुलाच्या खांद्यावर डोळा ठेवून चालले. जामरी फुटपाथवर उभा राहून दर थांब्याला झारेनचा खांदा खचतोय का ते पाहत राहिला. खांदा खचला नाही.

मग जामरीने डोके चालवले. झारेनला गावातून ढकलता येत नाही, तर कुणीतरी बाहेरून ओढून न्यायला हवा. त्यासाठी माल उत्तम दिसायला हवा. तेव्हापासून दर शनिवारी ग्रिश्टींच्या घरी पाव किलो कलेजी फुकट पोचू लागली. "पायात ताकद येते," जामरी सांगे. झारेनची आई म्हणे, "किती चांगला माणूस!" झारेन मुकाट्याने खाई. तो पुढच्या मोसमात चौदा गोल मारून बसला.

जामरी प्रत्येक सामन्याला जाई. खिशात वही. कोणत्या मिनिटाला गोल, कुठल्या कोपऱ्यातून, डोक्याने की पायाने, सगळे टिपून ठेवी. नऊ गोल झाले की बंदरावरच्या लोकांना तो बारा सांगे. वर्तमानपत्रांना 'एक तटस्थ प्रेक्षक' या नावाने पत्रे धाडी: सरूजसारख्या चिमुकल्या गावात असे रत्न कुजत पडावे, ही देशाची हानी नव्हे काय? पत्राच्या कागदाला नेहमी थोडे रक्त लागलेले असे, त्यामुळे संपादकांना तटस्थ प्रेक्षक कोण ते लवकरच कळले.

झारेन खराब खेळला की जामरी खचून जाई. एकदा पेनल्टी आभाळात गेली तेव्हा तो कुंपणाला लटकून ओरडला, "अरे गाढवा, असा खेळलास तर तुला घेणार कोण?" आजूबाजूच्या लोकांना वाटले, काय ही कळकळ! १९९४ साली क्लबाने 'सर्वांत निष्ठावान पाठीराखा' म्हणून जामरीला पितळी पाटी दिली. कालचिदोन भाषणात म्हणाले की असा माणूस गावाला लाभणे हे भाग्य. जामरीने पाटी घेतली तेव्हा त्याचा चेहरा घशात हाड अडकल्यासारखा होता. टाळ्या सर्वांत जोरात झारेनने वाजवल्या.

त्याआधी, १९९१ च्या जूनमध्ये, जामरीच्या कष्टाला जवळजवळ फळ आले होते. पोर्टनोव्हाचे अध्यक्ष सिन्यूर एडगर स्वतः झारेनच्या घरी जेवायला यायला तयार झाले. आमंत्रण जामरीनेच परस्पर दिले होते. झारेनला ते दुकानात कळले.

"उद्या दुपारी येताहेत. हे दोन ससे ने," जामरी म्हणाला आणि कागदात गुंडाळून हातात दिले. "लसणीत आणि वाइनमध्ये चांगले मुरव म्हणावं राकेलाला."

"पैसे?"

"पैशांचं नंतर बघू. आधी पाहुण्याकडे बघ."

राकेला म्हणजे झारेनची बायको. लग्नाला वर्ष झाले होते, आणि वर्षभर ती स्वयंपाकघरात फरशी मागत होती. तिने ससे असे शिजवले की सिन्यूर एडगर हाडे चोखत चोखतच बोलले. क्लबाला नऊ हजार. झारेनला त्यांच्या जहाजसामानाच्या गोदामात मुकादमाची नोकरी. शिवाय वापरलेली पण चालू स्थितीतली लाल मोटार.

"आणि फरशी?" राकेलाने विचारले.

"कसली फरशी?"

"स्वयंपाकघरातली."

"तीही देऊ," सिन्यूर एडगर म्हणाले आणि पावाने रस्सा पुसून घेतला.

राकेलाने नवऱ्याकडे पाहिले. झारेनने ताटाकडे पाहिले.

"माती..." झारेन म्हणाला.

सिन्यूर एडगर उठले, त्यांनी झारेनला मिठी मारली आणि म्हणाले, "असा माणूस मी पाहिला नाही." जाताना त्यांचे डोळे ओले होते. दार लागताच राकेलाने उरलेला रस्सा मोरीत ओतला.

"लोक बाईपायी वेडे होतात, दारूपायी होतात, जुगारापायी होतात. हा मेला दांड्यापायी!"

"तो माझ्या बापाचा दांडा आहे, राकेला."

"मग बापाकडून फरशी घे!"

संध्याकाळी जामरी उंबऱ्यावर हजर. "झालं?"

"नाही म्हटलं."

जामरीने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "दोन सशांचे चार लिरे सत्तर सेंट."

"पाहुणा तुमचा होता."

"खाल्ले तुझ्या घरात!"

"बोलावलं तुम्ही!"

हे भांडण त्या दिवशी मिटले नाही. त्या वर्षीही नाही. नाताळात जामरी शुभेच्छांच्या कार्डाखाली न चुकता लिही: चार लिरे सत्तर. झारेन त्याला कार्ड पाठवी, खाली लिही: पाहुणा तुमचा. कलेजी मात्र दर शनिवारी येतच राहिली, कारण तो वेगळा विषय होता.

१९९६ च्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात पोर्टनोव्हाने सरूजला तीन शून्य हरवले आणि सरूज स्टार्स खालच्या श्रेणीत गेले. आपल्याकडे असे झाले की जिंकलेल्यांची पोरे हरलेल्यांची अंत्ययात्रा काढतात. ती आलीच. हॉर्न वाजवत ट्रक, मागे काळे कपडे घालून खोटे रडणाऱ्या चार बाया, आणि त्यांच्यामागे खरोखरची शवपेटी, वर पांढऱ्या अक्षरांत 'सरूज स्टार्स'. गाव दारे लावून बसले. फक्त कप्तान झारेन चौकात उभा राहिला. पोरे त्याच्यासमोर मुद्दाम थांबली.

झारेनने पेटीकडे पाहिले आणि त्याचे तोंड वाकडे झाले.

"ही काय पद्धत झाली?"

"काय, दुखलं का कप्तान?"

"अरे, तुमच्या पुढच्या डाव्याचा खांदा चार बोटं खाली आहे. पेटी बघ कशी चाललीये, दारू प्यायल्यासारखी. तू हो बाजूला. तू उंच आहेस, तू मागे जा. पावलं एकदम टाका. डावा, उजवा. डावा..."

पोरे गोंधळून ऐकू लागली. पुढच्या डाव्या जागी कुणी नीट जुळेना, तेव्हा झारेन स्वतः खाली शिरला. दांडा नव्हता, नुसती पेटीची कड होती, आणि ती हाडात रुतत होती. एका पोराने आपला जांभळा मफलर त्याच्या खांद्यावर घडी करून ठेवला. अशा रीतीने सरूज स्टार्सची अंत्ययात्रा कप्तानाच्या खांद्यावरून संपूर्ण गावातून निघाली, इतकी सरळ आणि देखणी की लोक दारे उघडून बघायला बाहेर आले. पोर्टनोव्हाची पोरे जाताना म्हणाली, असली मयत आम्ही आयुष्यात काढली नव्हती.

"तिरकी मिरवणूक दिसली की माझ्या पोटात कळा येतात," झारेनने घरी सांगितले. राकेला आतल्या खोलीत गेली. तिने दार लावून घेतले, आणि बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता.

पण जामरीने फोटो काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो धुऊन घेऊन पिनूपुढे उभा राहिला. "कलम तीन! परगावचा रंग! बघ, जांभळा!"

झारेनला बोलावणे गेले. तो आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. बारा हजार लोकांपुढे पेनल्टी मारायला उभा राहिला होता तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. पिनूने फोटो उजेडात धरला, उलटा धरला, भिंगातून पाहिला.

"हा अंगावर चढवलाय का?" त्याने विचारले.

"खांद्यावर आहे! खांदा म्हणजे अंग नाही?"

"जामरी, तू खांद्यावर बोकड घेऊन दुकानात येतोस. तू बोकड अंगावर चढवतोस का?"

जामरी आपल्याच खांद्याकडे बघू लागला.

"ही गादी आहे. ओझ्याखाली घेतलेली. गादीला रंग नसतो," पिनू म्हणाला आणि फोटो वहीत ठेवून दिला. झारेन बाहेर आला आणि चर्चच्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने जामरीही येऊन शेजारी बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

"पुढच्या मोसमात पहिल्या श्रेणीत यायला हवं," जामरी म्हणाला. "खालच्या श्रेणीतला माल कोण घेणार?"

"बघतो," झारेन म्हणाला.

सरूज स्टार्स दोन वर्षांनी परत वर आले. झारेनने त्या मोसमात सतरा गोल केले, सगळे डोक्याने. मग पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. तो तिशीचा झाला, पस्तिशीचा झाला. पोर्टनोव्हाकडून माणसे यायची बंद झाली. जामरीने मग लहान क्लब गाठायला सुरुवात केली. सदतिसाव्या वर्षी त्याने झारेनला गोझो बेटावरच्या एका संघाच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. संघाने विचारले, गोलरक्षण करतो का? जामरी म्हणाला, शिकेल.

नोव्हेंबर २००३ मध्ये एका हेडरला उडी मारून खाली येताना झारेनचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, महिने गेले, आणि पाय बरा झाला. फक्त दोन बोटे आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, खेळणे विसरा. अठरा मोसम, एकशे पंच्याऐंशी गोल. कालचिदोन यांनी निरोपाच्या भाषणात पुन्हा माती आणली आणि पुन्हा रडले. झारेनला खेळ सुटल्याचे दुःख झाले, पण झोप उडाली ती वेगळ्याच हिशेबाने. पाय दोन बोटे आखूड म्हणजे खांदा दोन बोटे खाली.

१ ऑगस्ट २००४, मापाचा रविवार. चर्चमागच्या खोलीत सगळे खांदेकरी जमले. म्हातारे विस्तिन खुर्चीवर बसून होते. बाहेरून खट्‌ खट्‌ खट्‌ असा आवाज आला आणि झारेन आत शिरला. पायात फुटबॉलचे बूट, चिखलाच्या मैदानात वापरतात ते, सर्वांत लांब खिळ्यांचे.

"हे काय?" पिनूने विचारले.

"आठवण म्हणून घातलेत."

"कसली?"

"कारकिर्दीची."

"मग काढ, आणि अनवाणी आठवण कर."

झारेनने बूट काढले आणि चौकटीला टेकला. मान ताणली, छाती फुगवली, श्वास धरला. खाच खांद्याच्या दोन बोटे वर राहिली. पिनूने पुन्हा माप घेतले. पुन्हा दोन बोटे. विस्तिन यांनी खिशातून रुमाल काढला आणि विनाकारण नाक पुसले. झारेन खाचेकडे बघत राहिला. लाल मोटार, मुकादमी, फरशी, सगळे ज्यासाठी सोडले ते त्या दोन बोटांत निसटत होते.

"यादीत पुढचं नाव," पिनू म्हणाला. आवाज त्याचाही बारीक झाला होता.

जामरी आधीच झगा घालून आला होता. डांबरगोळ्यांच्या वासाने पहिल्या रांगेतला एक जण शिंकला. विस्तिन यांनी दांडा जेवढी वर्षे उचलला, तेवढीच वर्षे जामरीने त्याची वाट पाहिली होती: सत्तावीस. तो सावकाश चौकटीशी गेला, जणू प्रसादाचा पाव घ्यायला वेदीशी चालला आहे, आणि खांदा टेकवला.

पिनूने पाहिले. डोळे चोळले. पुन्हा पाहिले.

"जामरी, सरळ उभा राहा."

"सरळच आहे."

"आणखी सरळ."

"याहून सरळ मी जन्माला आलो तेव्हासुद्धा नव्हतो!"

साठ वर्षांचे वय आणि चाळीस वर्षे पाठीवर वाहिलेले बोकड. खाच दोन बोटे वर.

खोलीत कुणी हसायचे नाही म्हणून सगळ्यांनी छताकडे पाहिले. जामरी चौकटीला टेकून तसाच उभा राहिला, हात लोंबकळत, झग्याच्या बाह्या बोटांवर आलेल्या. झारेनने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि त्याला स्वतःचे दुःख थोडे कमी वाटले, मग त्याची लाज वाटली.

"माप चुकलं असेल," झारेन म्हणाला. "काकांचं पुन्हा घे."

"तू गप रे," जामरी म्हणाला, पण मऊ आवाजात.

तेवढ्यात खुर्चीतून विस्तिन यांचा आवाज आला. "पिनू, किती कमी?"

"याचा दोन बोटं."

"आणि त्याचा?"

"त्याचाही दोन बोटं."

"मग अडलंय कुठे? एक डावीकडे घाल, एक उजवीकडे. सारखेच बुटके आहेत."

पिनू वही उघडून बसला. छातीवर क्रूस काढला. कलमे वाचली. "खांदे एका पातळीत हवेत असं लिहिलंय."

"दोघांचे एका पातळीत आहेतच. बाकी सहांचे त्यांच्या पातळीत," विस्तिन म्हणाले.

"पण पुढचा उजवा दांडा लुइजीचा आहे."

सगळे वळले. लुइजी हा आतषबाजीसाठी जीव टाकणारा तरुण. मिरवणुकीत दांड्याखाली मान वाकवून चालताना आभाळातले एकही दारूकाम त्याला दिसत नसे, आणि गेली चार वर्षे तो मनातल्या मनात त्यासाठी रडत होता. बापाच्या धाकाने बोलला नव्हता. त्याने हातातली, थांब्याला दांडा टेकवायची बेचकी जामरीच्या हातात कोंबली, "तुमचीच, काका!" म्हणाला आणि कुणाचा विचार बदलायच्या आत दारूगोळ्याच्या खोलीकडे धावत सुटला.

१५ ऑगस्टला, उन्हे उतरताना, सान रोक्कू चर्चच्या दारातून बाहेर आला. पुढे डावीकडे झारेन, उजवीकडे जामरी. पुढची बाजू दोन बोटे खाली असल्यामुळे संत जरासा पुढे झुकलेला, चौकातल्या लोकांना वाटले, कॉर्नरला हेडर मारायला झेपावलाय. विस्तिन यांना खुर्चीसकट फुटपाथवर आणून बसवले होते. राकेला त्यांच्या मागे उभी होती.

"डावा," झारेन कुजबुजला. "उजवा. डावा. काका, पाऊल लांब टाकू नका."

"मला शिकवू नकोस. सत्तावीस वर्षं बघतोय मी."

"बघणं वेगळं."

"पेनल्टी मारणंही वेगळं असतं," जामरी म्हणाला.

मोठ्या रस्त्याचा उतार लागला. संत आणखी झुकला. कुत्राही झुकला. आणि कुत्र्याच्या तोंडातला चांदीचा पाव सुटला, पायथ्यावर एकदा आपटला आणि फरसबंदीकडे निघाला. बायकांनी किंकाळी फोडली. दांडा सोडता येत नव्हता, खाली वाकता येत नव्हते. झारेनने आखूड डावा पाय पुढे केला आणि पाव जमिनीला लागायच्या आत वहाणेवर झेलला. क्षणभर तो तिथे नुसता बसून राहिला. अठरा मोसमांत या पायावर एकही चेंडू असा थांबला नव्हता. मग त्याने पाय हलकेच उचलला, पाव उजवीकडे उडाला आणि जामरीने मोकळ्या हाताने तो पकडला.

रस्ता टाळ्यांनी दणाणला. कालचिदोन रडू लागले. वरून लुइजीने उडवलेले पहिले दारूकाम फुटले. राकेला सासऱ्याला म्हणाली, "आता कळलं का, फरशी कुठे गेली ते?" आणि तिनेही टाळ्या वाजवल्या.

जामरीने पाव झग्याच्या आत ठेवला. झारेनच्या खांद्याला रग लागली होती, आणि त्याला वाटले की ही रग तशीच राहावी.

"डोक्याने मारायचा होतास," जामरी म्हणाला.

"काका, तो पाव आहे."

"एकशे शहाऐंशी लिहितो." जामरीने थोडा दम घेतला. "आणि दोन सशांचे चार लिरे सत्तर सेंट."

"पाहुणा तुमचा होता. डावा. उजवा."

पुढे २००८ साली लिरे जाऊन युरो आले आणि पिनूने दोघांना बसवून हिशेब करून दिला: दहा युरो पंच्याण्णव सेंट. ही रक्कम झारेन ग्रिश्टीकडून अजून येणे आहे.